हाताचं शूटिंग

मार्चच्या शेवटी पारोळ्याच्या दवाखान्यात
सिरियलवाले आले, तेव्हा
पुरुष वॉर्डातले चार पेशंट व्हरांड्यात हलवले
आणि भिंतीला रंग दिला, कॅमेऱ्यात येईल तेवढाच.
अजून तशीच आहे ती भिंत:
कमरेपासून डोक्यापर्यंत पिस्ता,
वरखाली आमची जुनी ओल.

नर्स झालेली मुलगी पुण्याची, बोलायला गोड.
पांढरा फ्रॉक, केसांवर टोपी.
मी म्हटलं, टोपी कधीच सुटली गं आमची.
दिग्दर्शक म्हणाला, टोपीशिवाय नर्स कळत नाही.
म्हणजे अठरा वर्षं
मी कुणाला कळलेच नसेन.

तिला सुई धरवेना.
समोर रबराचा हात, त्यात लाल पाणी,
तरी टोचताना डोळे मिटून घ्यायची.
मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं,
सिस्टर, तुमचे हात द्या जरा.
शेजारी विरजण मागतात तसं.

मेकअपवाल्याने मनगट उलटंपालटं करून पाहिलं.
ऑटोक्लेव्हचा डाग, चौदा साली भाजलेला,
त्यावर रंग, रंगावर पावडर, वर एक फुंकर.
नखं गुलाबी.
करंगळीजवळचा ओरखडा त्याच्या नजरेतून सुटला.
तो शिरसमणीच्या एका बाळंतिणीचा.
लाइट गेली होती,
आणि कळ आली तेव्हा
तिला धरायला दुसरं काही सापडलं नव्हतं.

सात वेळा टोचली सुई.
सातही वेळा कुणाला दुखलं नाही.
जाताना काजूकतलीचा डबा दिला त्यांनी,
तो आम्ही ड्यूटी बदलताना उभ्या उभ्या संपवला.

आज रात्री बत्तीस खाटा, आम्ही दोघी.
कूलरमधलं पाणी संपलंय.
भिंतीवरच्या टीव्हीत, कुणा पुढाऱ्याने दिलेल्या,
तीच सिरियल.
ती एकाच पेशंटच्या उशाशी रात्रभर बसते,
पहाटे तो डोळे उघडतो
आणि पहिल्यांदा तिचाच चेहरा बघतो.
आमच्याकडे शुद्धीवर आलेला माणूस
पहिलं विचारतो, माझी चप्पल कुठंय.

एकदा मीही बसले होते तशी.
भडगावकडचा पोरगा, पान लागलेला,
कोवळ्या मिशीचा.
धुळ्याची गाडी येता येईना.
पण त्याचा सीन झाला नसता,
मी रडत नव्हते.
एका हातात त्याची नाडी होती,
दुसऱ्या हाताने लसीचा साठा लिहीत होते,
सकाळी साहेब तपासणीला येणार होते म्हणून.
किती बाटल्या उरल्या ते आजही तोंडपाठ आहे.
पोराचं नाव आठवायला रजिस्टर काढावं लागेल.
काढत नाही.

नऊ नंबरला गोजराबाई.
निंदायला गेली, ऊन लागून पडली.
हात म्हणजे वाळलेली शेंग,
शिरा आत कुठे जाऊन बसल्यात.
मी पट्टा बांधते, टिचक्या मारते, वाट बघते.
तिची नजर माझ्या डोक्यावरून टीव्हीत.

आणि पडद्यावर नुसता हात येतो.
गुलाबी नखं. सुई. एकही थरथर नाही.
करंगळीजवळ बारीक ओरखडा.

‘हात देख वं तिना,’ गोजराबाई म्हणते,
‘कशा हलका शेतस.
आठे अशी एक बी नही.’

‘नही माय,’ मी म्हणते.
काय सांगणार?
चेहरा तिचा आहे, पगार तिचा आहे,
माझा डागसुद्धा तिथे माझा राहिला नाही.
खरं सांगू, थोडं बरंही वाटलं.
एवढे स्वच्छ हात मी माझे कधी बघितले नव्हते.

बोटाखाली काहीतरी हललं.
धाग्याएवढी शीर.
श्वास धरला, सुई सरकवली,
नळीत लाल ठिपका आला तशी चिकटपट्टी लावली.

‘कव्हय टोचशी माय?’
गोजराबाईची नजर अजून टीव्हीतच.

थेंब मोजते मी, घड्याळाकडे बघत.
बारा. तेरा.
तिकडे बावीसवाला खाटेवरून उतरून
सलाईनसकट बाहेर चाललाय.